पार्सलसाहेबांचा अडसर

कपाट वर जाईना आणि खालीही येईना. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, जिना जिथे वळतो तिथे, ते किंचित तिरपं होऊन उभं राहिलं होतं. त्याचा एक पाय नको तिथे गेला होता आणि माथा वरच्या जिन्याच्या पोटाला टेकला होता. हमाल भिंतीला टेकून घाम पुसत होते. त्यांचा मुकादम कपाटाच्या खालच्या अंगाला होता आणि पार्सलसाहेब वरच्या.

"साहेब, माप घेतलं होतं ना?" मुकादमाने खालून विचारलं.

पार्सलसाहेबांना हा प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणं होतं. त्यांनी कपाटाचं माप घेतलं होतं, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घराच्या दाराचं घेतलं होतं, ज्या भिंतीला ते लावायचं त्या भिंतीचं घेतलं होतं, आणि मुकादम बघत नसताना त्याच्या टेम्पोचंही घेतलं होतं. जिन्याचं मापही होतं. फक्त ते इमारतीत राहायला आले त्या वर्षीचं होतं, आणि अजून तोंडपाठ असल्यामुळे पुन्हा घ्यायची गरज वाटली नव्हती. त्या वळणावर नंतर काय उभं राहिलं, हे खरं तर त्यांना सगळ्यांत चांगलं माहीत असायला हवं होतं, कारण ते त्यांनीच उभं केलं होतं.

ते म्हणजे अडसर. वळणाच्या कोपऱ्यात सिमेंटमधे रोवलेले दोन लोखंडी खांब आणि त्यांना जोडणारा एक जाडजूड आडवा दांडा. त्या कोपऱ्यात कुणी काही ठेवू नये एवढ्याचसाठी तो बसवलेला होता. कपाटाचा पाय नेमका त्या दांड्यामागे जाऊन अडकला होता.

पार्सलसाहेबांचं हे नाव अर्थातच पाठीमागे घ्यायचं होतं. तोंडावर सगळे त्यांना नुसतं 'साहेब' म्हणत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची नोकरी गेली, आणि फलाटावर पडून असलेल्या कुठल्याही वस्तूकडे बघून तिला मालक आहे की नाही, हे ठरवण्यात त्यांची हयात सरली. मालक दिसला नाही की खडूने फुली, मुदत संपली की जप्ती. निवृत्त झाल्यावर ते इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले. दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं, हे त्याचं खरं कारण. ते मात्र त्याला विश्वास म्हणत. मग चार मजल्यांची ती बिनलिफ्टची इमारत हळूहळू त्यांचा फलाट झाली.

"जिना कोणाचा?" दर बैठकीत ते विचारत आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच देत. "सगळ्यांचा. ही पायरी माझी, ती तुमची, असं नाही. प्रत्येक पायरी प्रत्येकाची. अविभाज्य हिस्सा म्हणतात त्याला. गच्ची तशीच, पंपाची खोली तशीच, कठडा तसाच. तेव्हा कोणीही कुठेही काहीही ठेवायचं नाही."

जे सगळ्यांचं ते कुणी वापरायचं नाही, हा यातला सिद्धांत. जे सगळ्यांचं ते कुणा एकाचं नाही, आणि जे कुणा एकाचं नाही ते सेक्रेटरींचं, हा पुढचा हिशेब त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण रहिवाशांना तो उमजायला वेळ लागला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचा चपलांचा रॅक दाराबाहेर वीतभर पुढे आला म्हणून त्यावर फुली पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रॉइंग मास्तरांची सायकल गेली. मास्तरांच्या समोर एकट्या राहणाऱ्या काकूंची फुलांची कुंडीसुद्धा गेली, आणि ती तर नुसती खिडकीत ऊन येत नाही म्हणून वळणावर आली होती. सगळा माल पंपाच्या खोलीत बंद झाला. कुणी तक्रार करायला आलं की पार्सलसाहेब चष्म्यावरून बघत आणि दोनच शब्द बोलत.

"लेखी द्या."

एवढ्यावर भांडण संपत असे. लिहायचा कंटाळा हाच त्यांच्या राज्याचा खरा पाया होता.

आता मात्र त्यांचीच वेळ आली होती. कपाट त्यांच्या बायकोचं होतं. तिच्या माहेरचं घर विकायचं ठरलं तेव्हा भावाने फोन करून विचारलं, "ताई, तुला काय हवं?" ती म्हणाली, "बाबांचं कपाट." लग्न झाल्यापासून तिने काही मागितल्याचं पार्सलसाहेबांना आठवत नव्हतं, त्यामुळे ते आधी दचकलेच. मग त्यांनी कपाटाचे कप्पे मोजले आणि आनंदाने होकार दिला. सोसायटीच्या फायलींनी घरातली दोन्ही कपाटं भरली होती आणि बायकोचे कपडे कधीचेच पलंगाखालच्या ट्रंकेत गेले होते. फायलींना एक भक्कम जागा हवीच होती.

"दोनच रस्ते आहेत," मुकादम म्हणाला. "एक तर हा दांडा कापायचा, नाहीतर कपाटाला करवत लावायची. सुताराने काम असं केलंय की खिळा नाही, स्क्रू नाही. सुटं होत नाही ते."

"करवत लागणार नाही," वरच्या पायरीवरून बायको म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता, पण पार्सलसाहेबांना तो नवीन वाटला. "अगं, नाही लागणार," ते घाईने म्हणाले. "शब्द देतो तुला. बाबांचं कपाट आहे तसं वर येईल. काढा हो तुमची ती लोखंडाची करवत, दांडाच कापू."

"कोण कापतंय दांडा?"

खाली दंतवैद्यांचं दार उघडलं होतं. अंगापिंडाने भरलेले दंतवैद्य दोन पायऱ्या चढून वर आले. त्यांना घाई नव्हती. दुसऱ्या मजल्यावर राहत असल्यामुळे या वळणाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, आणि जिथे आपला संबंध नसतो तिथे तत्त्व सांभाळणं माणसाला फार सोपं जातं.

"साहेब, दांडा कोणाचा?" पेशंटला 'जरासं टोचेल' असं सांगताना ते जो आवाज वापरत, त्याच आवाजात त्यांनी विचारलं.

"कोणाचा म्हणजे? मी बसवलाय."

"बसवलात तुम्ही. पण मालकी?"

उत्तर पार्सलसाहेबांना पाठ होतं. "सगळ्यांची," ते म्हणाले.

"कशी?"

"अविभाज्य."

"मग तुम्ही एकट्याने कसा कापणार? माझाही हिस्सा कापला जाईल. त्यात माझा नेमका कुठला तुकडा, हे सांगता येत नाही, असं तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आणि तो ठरावही तुमचाच आहे की. सर्व मालकांच्या लेखी संमतीशिवाय अडसर हलवायचा नाही. एकाचीही सही कमी चालणार नाही."

ठराव होता खरा. दांड्यावर आज ना उद्या कुणीतरी डोळा ठेवेल म्हणून पार्सलसाहेबांनी तो असा पक्का बांधून घेतला होता की त्याला कुठूनही फट नव्हती. आपल्या हुशारीचा त्यांना तेव्हा फार अभिमान वाटला होता.

"डॉक्टर, अहो, गळ्याशी आलंय. जरा माणुसकीने घ्या की."

"माणुसकीने घ्यायला माझी ना नाही," दंतवैद्य म्हणाले. "लेखी द्या."

मुकादमाने कपाळाला हात लावला, माणसं गोळा केली आणि "सह्या झाल्या की बोलवा" म्हणून तो निघून गेला. कपाट राहिलं. भिंत आणि कपाट यांच्यामधे एक अरुंद फट उरली होती. मास्तर सडपातळ, काकू म्हणजे नुसती काठी. दोघंही त्या फटीतून सहज गेली. पार्सलसाहेबांना मात्र पोट होतं. त्यांनी श्वास आत घेतला, पाठ भिंतीला लावली, आणि खेकड्यासारखे आडवे सरकत ते निम्म्यापर्यंत गेले. तिथे शर्टाचं एक बटण तुटून टणटणत खालच्या मजल्यापर्यंत गेलं. ते दंतवैद्यांनी उचलून वर पाठवलं, आणि सोबत निरोप होता की जिन्यात वस्तू टाकू नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाच्या दारावर खडूची फुली होती.

पार्सलसाहेबांनी जवळ जाऊन फुली निरखली. फुली चांगली मोठी होती आणि एका टोकाला तिला शेपटी होती. अशी शेपटी ते स्वतः काढत. म्हणजे कुणीतरी त्यांची फुली इतक्यांदा पाहिली होती की आता हुबेहूब उतरवता येत होती. खडू म्हटल्यावर त्यांचा संशय सरळ ड्रॉइंग मास्तरांवर गेला. ते फटीतून वर आले आणि त्यांनी मास्तरांचं दार वाजवलं.

"मास्तर, खडू दाखवा तुमचे."

मास्तरांनी शांतपणे खोका आणून दाखवला. त्यात सगळे रंगीत खडू होते. "पांढरा संपला की मी आणतच नाही," मास्तर म्हणाले. "पांढऱ्याने फक्त सायकल काढता येते. आठवणीतली."

हा टोमणा गिळून पार्सलसाहेब परतले. फुली पुसायला त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. फुली पुसणाऱ्याचा माल तत्काळ जप्त, हाही नियम त्यांचाच होता.

मुदत संपायच्या दिवशी बैठक भरली. खाली आवारात जायचं तर पार्सलसाहेबांना पुन्हा फटीतून जावं लागलं असतं, म्हणून ती जिन्यातच, कपाटासमोर भरवावी असं त्यांनीच सुचवलं. सगळे पायऱ्यांवर दाटीवाटीने बसले. इतकी गर्दी आजवर एकाही बैठकीला झाली नव्हती.

"मुदत संपली," दंतवैद्य म्हणाले. "आता नियमाप्रमाणे कपाट जप्त करून पंपाच्या खोलीत ठेवायला हवं."

"पण ते हलतच नाही तर नेणार कसं?" पार्सलसाहेबांनी अगतिकपणे विचारलं.

"मग पंपाची खोली इथेच आहे असं समजू."

"आणि जप्त झालेली वस्तू कोणाची हो?" काकूंनी अगदी भाबड्या चेहऱ्याने विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. कुंडी परत मागायला त्या गेल्या होत्या तेव्हा त्यांना ते मिळालं होतं.

"सगळ्यांची," पायऱ्यांवरून एकदमच आवाज आला. अविभाज्य हा शब्द म्हणायला सुद्धा कुणी चुकलं नाही. शाळेतली मुलं पाढे म्हणतात तसं सगळ्यांनी ते म्हटलं. सासऱ्यांचं कपाट त्यांच्या डोळ्यांदेखत इमारतीचं झालं होतं. बायकोला दिलेला शब्द होता की ते आहे तसं घरात येईल. तिला आता काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्यांना रात्रभर डोळा लागला नाही.

बायको मात्र सकाळी उठली, पलंगाखालची ट्रंक ओढली, आपले कपडे काढून हातावर घेतले आणि खाली वळणावर जाऊन कपाटात लावून आली.

"अगं, तिथे काय ठेवतेस? जप्त झालंय ते."

"रिकामं ठेवून वाळवी लागेल," ती म्हणाली. "जप्त झालं तरी कपाटच आहे ना."

मग ती रोज सकाळी कपडे काढायला खाली जाऊ लागली. कपाटासमोर उभं राहून किती वेळ निवडायचं म्हणून तिने एक स्टूल नेलं. स्टुलावर बसलेली बाई दिसली की येणारा जाणारा थांबतो, तसा काकूंचा मुक्काम तिथे पडू लागला. काकू बसल्या म्हणजे चहा आला. कपबश्या सारख्या कुठे वरखाली करायच्या म्हणून त्यांना कपाटात एक कप्पा मिळाला. दंतवैद्यांच्या बायकोने आपली मासिकं आणून ठेवली, ज्याला हवं त्याने वाचावं म्हणून. मास्तरांनी कपाटाच्या आतल्या बाजूला एक छोटं चित्र लावलं. एकमेकांच्या दारात कधी उभी न राहिलेली माणसं आता वळणावर तासन् तास बोलत होती, आणि त्यांच्या हसण्याचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत येत होता. पार्सलसाहेब घरात फायली घेऊन बसत आणि पान उलटायचं विसरत.

एक दिवस कपाटाच्या माथ्यावर काकूंची नवी कुंडी दिसली. पार्सलसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं.

"काकू, वळणावर कुंडी ठेवायची नाही, माहीत आहे ना?"

"वळणावर कुठे ठेवलीय? कपाटावर ठेवलीय."

"कपाट वळणावर आहे."

"हो, पण नियमात पायरी आहे, वळण आहे, कठडा आहे," काकू म्हणाल्या. "कपाटाचा माथा कुठे आहे? आणि ऊन काय सुरेख येतं हो तिथे. वहिनी म्हणाल्या ठेवा, मी ठेवली."

पार्सलसाहेबांनी खिशात खडू चाचपला, पण कुंडीपर्यंत हात पोचत नव्हता आणि स्टुलावर बायको बसली होती. ते मुकाट्याने फटीत शिरले.

आता हे थांबवायचं तर एकच उपाय होता. सह्या गोळा करायच्या, दांडा कापायचा, कपाट सरळ करून एकदाचं घरात न्यायचं. ज्यांना आयुष्यात कुणाच्या दारात जायची वेळ आली नव्हती, ते पार्सलसाहेब नाक मुठीत धरून दारोदार हिंडले. सही द्यायला कुणाची हरकत नव्हती. प्रत्येकाला फक्त आपापली आठवण यायची. मास्तर म्हणाले, सही करतो, पण आधी सायकल दिसली की हात मोकळेपणाने चालेल. सायकल पंपाच्या खोलीतून बाहेर आली. काकूंना जुनी कुंडी हवी होती. ती आली, आतलं झाड कधीच वाळून गेलं होतं. काकूंनी त्या वाळक्या काडीला एकदा हात लावला, सही केली आणि त्या आत गेल्या. तेवढं एक दार पार्सलसाहेबांना जड गेलं.

दंतवैद्य सगळ्यात शेवटी होते. "माझा रॅक," ते म्हणाले.

"दारात आणून ठेवलाय."

"दारात नको. जिथे होता तिथे. वीतभर पुढे."

पार्सलसाहेबांनी स्वतःच्या टेपने मोजून रॅक वीतभर पुढे ठेवला. दंतवैद्यांनी सही केली. त्या संध्याकाळपर्यंत जिन्यात चपला, सायकल, छत्र्या, कुंड्या आणि कुणाचा तरी पोपटाचा रिकामा पिंजरा, सगळं परत आलं होतं. एवढी वर्षं खपून उभं केलेलं राज्य त्यांनी एका कपाटासाठी मोडलं होतं. पण बायकोला दिलेला शब्द खरा होणार होता, आणि या एका विचारावर ते सगळं सहन करत होते. यात फायलींची सोय होणार होती हेही खरं, पण माणसाने स्वतःशी बोलताना सगळंच बोलायला हवं असं नाही.

मुकादम लोखंडाची करवत घेऊन आला. सगळी इमारत वळणावर जमली. बायको स्टुलावर बसली होती, काकू तिच्या शेजारी पायरीवर. पार्सलसाहेबांनी सह्यांचा कागद दंतवैद्यांच्या हातात दिला आणि छाती पुढे काढली. त्या छातीला आज बऱ्याच दिवसांनी जागा मिळाली होती, कारण ते फटीच्या अलीकडेच उभे होते.

दंतवैद्यांनी कागद वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. "एक सही कमी आहे," ते म्हणाले.

"शक्यच नाही. प्रत्येक दार मी स्वतः वाजवलंय."

"एक सोडून. चौथा मजला. तुमचंच घर."

"माझी सही काय, ही बघा की सगळ्यांत वर."

"तुमची आहे. पण घर दोघांच्या नावावर आहे. ठरावात मालक म्हटलंय, घर नाही म्हटलेलं."

पार्सलसाहेब क्षणभर गोंधळले आणि मग मोठ्याने हसले. घर घेताना कुणीतरी सांगितलं होतं की दोन नावं असलेली बरी, पुढे सोयीचं पडतं, म्हणून त्यांनीच दुसरं नाव घातलं होतं आणि त्यानंतर ते जे विसरले ते आजवर. "हात्तिच्या," ते म्हणाले, "मला वाटलं काय नि काय. अगं, कर गं सही इथे."

त्यांनी पेन पुढे केलं. बायकोने ते घेतलं नाही.

"वर नेऊन काय करायचंय त्याचं?" तिने विचारलं.

"काय करायचंय म्हणजे? भिंत मोजून ठेवलीय मी."

"भिंत मोजलीत. कप्पेही मोजलेत. वरच्या तिन्हीत फायली आणि खालच्यात जुन्या नोटिसा, असं पुटपुटत मोजत होतात. मी तिथेच उभी होते."

मुकादम करवत मागे लपवून उभा राहिला. पार्सलसाहेबांनी घसा साफ केला. "एखादा कप्पा तुलाही... तुझे कपडे बसले असते."

"ते ट्रंकेत बसलेत की इतकी वर्षं." ती भांडत नव्हती. भाजी निवडताना बोलावं तसं बोलत होती, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "अहो, वरचं घर आपलं आहे असं तुम्ही म्हणता. पण तिथे खुंटीला काय लावायचं तेसुद्धा तुमच्या फायलींना विचारून. हे वळण सगळ्यांचं आहे. सगळ्यांचं म्हणजे त्यात माझंही आलं ना? तुम्हीच म्हणता, पायरी न् पायरी प्रत्येकाची. मला ते इथे आल्यावर पटलं. मी सही करणार नाही."

"पण मी तुला शब्द दिला होता," पार्सलसाहेब म्हणाले, आणि आवाज आपल्याला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला, हे त्यांना जाणवलं.

"करवत लागणार नाही हा शब्द होता. नाही लागली. तुम्ही शब्द पाळलात."

त्यांना लाज वाटली. आपल्याला राग यायला हवा होता, असं त्यांना वाटत होतं, पण आली ती लाज. ती कुठे ठेवावी ते कळेना म्हणून ते फुलीकडे बघू लागले. फुली अजून तशीच होती, शेपटीसकट. अचानक त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"आणि ही फुली?"

"तुमचा सदरा धुवायला काढला होता. खिशात खडू सापडला," बायको म्हणाली.

कुणीतरी खोकलं. दंतवैद्यांनी सह्यांचा कागद घडी करून पार्सलसाहेबांच्या खिशात ठेवला आणि तो खिसा हलकेच थोपटला, दात काढून झाल्यावर ते पेशंटचा खांदा थोपटत तसा. मुकादमाने विचारलं, "साहेब, मग कापू का नको?" साहेब अजून फुलीकडेच बघत होते, तेव्हा तो त्यांच्या बायकोकडे वळला. "वहिनी, ही करवत इथे कपाटात ठेवू का? साहेब परत बोलावतीलच. सारखी कुठे वाहून आणू?"

"ठेवा," ती म्हणाली. "फक्त खालच्या कप्प्यात नको. तो साहेबांना दिलाय."

खालचा कप्पा त्यांचा झाला. बायकोने त्यात त्यांचे चार चांगले शर्ट घडी करून ठेवले, कारण इस्त्रीचे कपडे वर न्यायचे आणि पुन्हा खाली आणायचे, यात काही अर्थ नव्हता. घरात फायली आरामात पसरल्या. पार्सलसाहेबांना हवी होती तेवढी जागा आता त्यांच्याकडे होती आणि तिथे बोलायला कुणी नव्हतं.

असेच एका सकाळी ते घाईने खाली उतरले. पार्सल ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता, भाषण करायचं होतं, आणि अंगात बनियन होतं. पोट आत घेऊन ते फटीतून सरकले. कपाटाला कुलूप होतं. स्टुलावर काकू पेपर वाचत बसल्या होत्या आणि त्यांच्या कमरेला किल्ली होती. कपाटावरच्या नव्या कुंडीला एक कळी आली होती.

"ही कुठे गेली?"

"वहिनी होय? डॉक्टरांच्या मिसेसबरोबर बाहेर गेल्यात. दुपारपर्यंत येतील."

"किल्ली द्या जरा. शर्ट काढायचाय."

काकूंनी पेपर खाली केला आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "कपाट सगळ्यांचं आहे ना साहेब. मी एकटीने कशी देणार? लेखी द्या."

बनियनवर हुज्जत घालणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही, हे पार्सलसाहेबांना पार्सल ऑफिसपासून माहीत होतं. त्यांनी पायजम्याच्या खिशात हात घातला. कागद नव्हता, पेन नव्हतं. खडू होता. वर चौथ्या मजल्यावर जाऊन कागद आणायचा तर पुन्हा ती फट आली. ते कपाटाशेजारच्या भिंतीकडे वळले, जरा खाली वाकले, आणि सुंदर वळणदार अक्षरात त्यांनी 'प्रति' एवढं लिहिलं.

"भिंतीवर नको हो," काकू म्हणाल्या. "भिंत सगळ्यांची आहे."